लाल ठिपके

१

रविवारी सकाळी साडेदहाला साहेब आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर गेले, आणि मंगळवारी दुकानाचं शटर वर जायच्या आत सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं, की त्यांना ठिणगीनं मारलं.

ठिणगी म्हणजे कुणी गुंड नव्हे. तीस वर्षं जुन्या मोटारींची वायरिंग करणारा, पोट सुटलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस. प्लगची वायर काढायची, इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची आणि ठिणगी पडते का बघायचं, ही त्याची तपासणीची पहिली पायरी. त्यावरून हे नाव पडलं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव कागदपत्रांपुरतं उरलं. त्याच्या हातून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडत नाही, अशी त्याची ख्याती होती. ख्याती सोडून त्याच्याकडे फारसं काही नव्हतं, आणि तीच आता पणाला लागली होती.

शटर वर गेलं तेव्हा दारात दोघे उभे होते. एक फौजदार, दुसरे साहेबांचे धाकटे भाऊ. भावाच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड होती आणि तिच्यामागचे डोळे रडून सुजलेले होते.

"आठ दिवसांपूर्वी गाडीचं काम तू केलंस," भाऊ म्हणाले. "काय काय बदललंस?"

"पॉइंट, कंडेन्सर, रोटर. प्लग साफ केले. साहेबांनी स्वतः फेरी मारून बघितली."

"आणि रविवारी दादांना अटॅक आला. मी बाहेरगावी. घरात वहिनी एकटी. दहा मिनिटांवर हॉस्पिटल. तिनं दादांना कसंबसं गाडीत घातलं आणि बॅटरी उतरेपर्यंत, बारा मिनिटं, सेल्फ मारला. गाडी लागली नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "संध्याकाळी मी समोरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं बॅटरी चार्ज करून बघितलं. म्हणाला, करंटच नाही, हे ठिणगीचं काम आहे."

समोरचा गॅरेजवाला रस्त्यापलीकडे फडक्यानं हात पुसत उभा होता आणि अगदी मन लावून दुसरीकडे बघत होता.

फौजदार कंटाळलेल्या सुरात म्हणाला, "हलगर्जीपणाचा अर्ज आलाय. मला गाड्यांतलं काही कळत नाही. आज दुपारी बारापर्यंत गाडी बघ आणि मला सांग काय झालं ते. नाही सांगता आलं, तर मग मी माझ्या पद्धतीनं लिहीन."

ठिणगीनं हत्यारांची पिशवी उचलली. तीस वर्षांत एखादा स्क्रू सैल राहिला असेल का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. आज पडला.

२

गाडी बंगल्याच्या बाजूच्या शेडमध्ये होती. काळी, चाळीस वर्षांची, आरशासारखी पुसलेली. मागच्या सीटवर एक उशी आणि एक बायकी शाल अजून तशीच होती.

ठिणगीनं बॉनेट उघडलं आणि श्वास रोखून आत वाकला.

त्याची एक खोड होती. काम संपलं की घट्ट केलेल्या प्रत्येक स्क्रूवर आणि प्रत्येक क्लिपवर तो बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. निम्मा स्क्रूवर, निम्मा बाजूच्या लोखंडावर. नंतर कुणी हात लावला तर ठिपका तडकतो. बायको म्हणायची, माझ्या नखांना कधी मिळालं नाही एवढं पॉलिश तुमच्या गाड्यांना मिळतं.

त्यानं भिंग घेऊन एकेक ठिपका बघितला. ज्याच्या झाकणाखाली रोटर बसतो त्या डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा, कॉइलची दोन्ही टोकं, कंडेन्सरचा स्क्रू. सगळे अखंड. म्हणजे बॉनेटखाली कुणी काही केलेलं नव्हतं. त्याला जरा बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी घाम फुटला. कुणी हात लावला नसेल, तर बिघाड त्याच्याच हातचा.

त्यानं किल्ली फिरवली, टेस्ट लॅम्पचा चिमटा इंजिनाला लावला आणि टोक प्लगांना करंट पुरवणाऱ्या कॉइलवर टेकवलं. दिवा लागला नाही. बॅटरीवर टेकवलं, तर झगझगीत लागला. बॅटरीत करंट होता, कॉइलपर्यंत पोचत नव्हता. मधे कुठंतरी वाट तुटली होती.

सेल्फची वाट वेगळी असते. त्यामुळे सेल्फ घरघरत राहतो, इंजिन फिरत राहतं, पण ठिणगी नाही तर पेट नाही. माणूस बोंबलत बसतो. रविवारी बाईसाहेब तशाच बसल्या असणार, बारा मिनिटं, मागे मरणारा नवरा घेऊन.

मग ठिणगी एकदम ताठ झाला. ही गोष्ट त्याला सकाळी दुकानातच आठवायला हवी होती. आठवली नाही, कारण मरायच्या वेळीसुद्धा नवऱ्यानं बायकोला एवढी साधी गोष्ट सांगितली नसेल, असं त्याच्या डोक्यात आलंच नाही.

त्यानं ड्रायव्हरच्या सीटखाली, गियरच्या बाजूनं, हात घातला.

३

बोटाला लागला तो सुपारीएवढा स्विच होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः बसवलेला. चोर स्विच. हा बंद केला की किल्ली असूनही गाडी चालू होत नाही, कारण कॉइलचा करंट इथून जातो.

स्विच बंद होता. त्यानं तो दाबला, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच सेल्फला लागली. शेडमध्ये आवाज घुमला. घरातून कुणीतरी भांडं पाडल्याचा आवाज आला.

ठिणगीला हसावं की रडावं कळेना. त्याचं काम चोख होतं. प्रत्येक वेळी गाडी उभी केली की साहेब स्विच बंद करत. साहेब एक वेळ जेवायला विसरतील, पण हे नाही. शनिवारी बंद केला, रविवारी अटॅक आला, बाईंना माहीत नव्हतं. संपलं. कुणाचाच गुन्हा नाही. बारा वाजायला अजून दीड तास होता आणि तो सुटला होता.

पण सुटलेल्या माणसाला वाटावं तसं त्याला वाटत नव्हतं. कारण स्विच कशासाठी बसवला, हे त्याला आठवत होतं.

साहेब मोठ्या कारखान्याचे मॅनेजर होते. निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, तेव्हा सगळे हुकूम घरात आले. बाईंनी गाडी शिकून घेतली होती, लायसन्ससुद्धा काढलं होतं, ठिणगीनं बॉनेट उघडलं की शेजारी उभ्या राहून हे काय, ते काय विचारायच्या. साहेबांनी ठिणगीला बोलावून हा स्विच बसवून घेतला आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. मग चार पाहुणे जमले की अंगणात खुर्च्या मांडून ते म्हणत, "चल ग, दाखव तुझं ड्रायव्हिंग." बाई बसायच्या. सेल्फ मारत राहायच्या. कानापर्यंत लाल व्हायच्या. साहेब म्हणायचे, "गाडीलासुद्धा कळतं कोण बसलंय ते." मग बाईंना उठवून स्वतः बसायचे, हळूच हात खाली न्यायचे आणि पहिल्या सेल्फला चालू. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

एकदा ठिणगी पैसे घ्यायला म्हणून आला होता आणि त्यालाही खुर्ची मिळाली होती. तोही हसला होता. चांगला खदखदून हसला होता.

ते आठवून तो बॉनेट लावायला गेला. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्यानं पांढऱ्या रंगानं आकडा लिहून ठेवलेला असायचा. दर कामाच्या वेळी मीटरवर किती किलोमीटर होते तो. गेल्या खेपेचा आकडा होता ६१२४०.

सहज त्यानं मीटर बघितलं. ६१३२४.

आठ दिवसांत चौऱ्याऐंशी. डॅशबोर्डच्या कप्प्यात साहेबांची वही होती. गाडी फाटकाबाहेर गेली तरी त्यात नोंद व्हायची. सोमवार सहा. बुधवार आठ. शनिवार सहा. आणि गुरुवारच्या पानावर साहेबांच्या टोकदार अक्षरात: "क्लब. मित्राच्या गाडीने. १० ते ६."

वीस झाले. उरलेले चौसष्ट किलोमीटर कुणी चालवले?

४

ठिणगी वही हातात घेऊन तसाच चाकाशी बसला. दोन महिन्यांपूर्वी असंच झालं होतं. काम करता करता तो सहज बोलून गेला होता, "साहेब, वहीत हजार न् मीटरवर सोळाशे, गाडी तुम्हाला न विचारता फिरते वाटतं." गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ड्रायव्हरला हाकललं. अकरा वर्षांचा ड्रायव्हर, चोर म्हणून.

ड्रायव्हर आता गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी लावून उभा असायचा. बंगल्यापासून दोन मिनिटांवर. ठिणगी तिकडे गेला.

"या," ड्रायव्हर म्हणाला. टॅक्सीतून उतरला नाही. "अजून कुणाची नोकरी घ्यायचीय का?"

ठिणगीनं ते गिळलं. "तुला सीटखालचा स्विच माहीत होता?"

"कसला स्विच?" ड्रायव्हर खरंच गोंधळला. "मी ती गाडी अकरा वर्षं चालवली, पण शेवटच्या पाच-सहा वर्षांत चालू एकदाही केली नाही. साहेब आधी येऊन बसायचे. 'इंजिन गरम करतो' म्हणायचे. चालू करून मग मागे जायचे, मग मी बसायचो. मोठ्या माणसांचे चोचले, म्हटलं."

"म्हणजे तू ती चोरून नेऊच शकत नव्हतास."

"हे मी साहेबांना शंभर वेळा सांगितलं."

साहेबांनाही ते कळायला हवं होतं. पण साहेबांच्या हिशेबात ड्रायव्हर चोर असणं सोपं होतं. स्विचचं गुपित फुटलं असेल आणि ते याच्यापर्यंत आलं असेल, एवढंच त्यांना सुचलं. घरातली बाई त्यांच्यापेक्षा हुशार असेल, हे त्यांना सुचणं शक्यच नव्हतं.

"रविवारी तू इथंच होतास?" ठिणगीनं विचारलं.

बघता बघता ड्रायव्हरचा सगळा ताठा गेला.

"इथंच होतो. सेल्फचा आवाज ऐकू येत होता. सगळ्या गल्लीला येत होता. मारायच्या, थांबायच्या, मारायच्या, थांबायच्या. आम्ही हसत होतो. मला वाटलं, साहेब पुन्हा बाईंना पाहुण्यांपुढे नाचवताहेत." त्यानं स्टिअरिंगवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. "बाईंनी नुसती हाक मारली असती ना, तरी मी धावलो असतो. साहेबांसाठी नसतो धावलो, पण बाईंसाठी धावलो असतो. आवाज बंद झाल्यावर मी गेलो. बाई स्टिअरिंगला धरून बसल्या होत्या. साहेब मागे. गेलेले."

"मागे का? घराच्या पायरीपासून तर पुढचं दार जवळ पडतं."

"कोण जाणे. बाईंनी ओढत नेलं असणार. बसलेलेच होते, आडवेसुद्धा नव्हते. आणि त्यांचा हात..." ड्रायव्हरनं आपला उजवा हात पुढे करून दाखवला. "असा. दोन सीटांच्या मधून खाली घातलेला. अडकला होता. काढताना मनगटाची साल निघाली. भाऊ म्हणाले, दादा शेवटी वहिनीचा हात शोधत होते."

दोन सीटांच्या मधे, खाली, गियरच्या बाजूला काय होतं हे जगात आता दोनच माणसांना माहीत होतं. एक ठिणगी स्वतः.

५

शेडमध्ये परत आला तेव्हा बाईसाहेब गाडीशी उभ्या होत्या. साठीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी बॉनेटवर एक बोट ठेवलं होतं, धूळ बघावी तसं.

"चालू झाली वाटतं," त्या म्हणाल्या. "आवाज ऐकला मी."

"झाली." ठिणगीनं वही पुढे केली. "बाईसाहेब, गुरुवारी साहेब क्लबात होते. ड्रायव्हर नाही. भाऊसाहेबांना चष्म्यातून समोरची भिंत दिसत नाही, ते गाडी काय चालवणार. आणि गाडी चौसष्ट किलोमीटर फिरून आली. स्विच माहीत असल्याशिवाय ते होत नाही."

बाईंनी वही घेतली नाही. त्यानं ती बॉनेटवर ठेवली.

"स्विच तुम्हाला माहीत होता. रविवारी बंद आहे हेही माहीत होतं. साहेबांना पुढे बसवलं असतं तर त्यांचा हात पोचला असता, म्हणून मागे बसवलं. टॅक्सी दोन मिनिटांवर, तुम्ही हाक मारली नाही. नुसता सेल्फ मारत राहिलात. बारा मिनिटं."

"चौदा," बाई म्हणाल्या.

शेडच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी नखं वाजवत चालत होता, तेवढाच आवाज.

"तीन वर्षांपूर्वी कानातलं पडलं होतं," त्या सांगू लागल्या, शेजारणीशी बोलावं तशा सुरात. "शोधताना हाताला लागलं. दाबून बघितलं. किल्ली फिरवली. लागली. त्या दिवशी मी गाडीत बसून इतकी रडले की काय सांगू. मला वाटायचं, मलाच येत नाही. तीन वर्षं मला वाटत होतं, की माझ्याच हातात काहीतरी खोट आहे."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"का बोलू? गुरुवार मिळाला होता मला." त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मुलगी बत्तीस किलोमीटरवर राहते. तिनं तिच्या मनानं लग्न केलं म्हणून ह्यांनी तिचं नाव टाकलं. दर गुरुवारी हे क्लबात, ड्रायव्हरला सुट्टी, मग मी जायचे. नात मला 'गाडीआजी' म्हणते. येऊन स्विच बंद करायचे, सीट मागे सरकवायचे, काचा पुसायचे. आणि अंगणात खुर्च्या मांडल्या की बसायचे सेल्फ मारत. स्विच कुठंय हे ठाऊक असताना, दाबायचा नाही. ते करून बघा कधी."

"आणि ड्रायव्हर?"

"त्याचं मला वाईट वाटतं," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं, पण तेवढंच होतं. "मी बोलले असते तर गुरुवार गेला असता."

ठिणगीला आता पुढचं कळलं होतं, तरी त्यांनी ते सांगितलंच.

"तुम्ही आठ दिवसांपूर्वी पुन्हा त्यांना आकडा सांगितलात."

सांगितला होता. "साहेब, ड्रायव्हर गेला तरी वाढताहेतच की." पुन्हा गंमत म्हणून. साहेब त्यावर हसले होते, आणि त्यांनी बक्षीस म्हणून त्याच्या खिशात वरची नोट कोंबली होती.

"त्यांनी आठवडाभर काही दाखवलं नाही. शनिवारी रात्री जेवताना म्हणाले, 'नातीला निरोप दे. सोमवारी गाडी विकतोय.' भात कालवता कालवता. आणि रविवारी छातीत कळ आली." बाईंनी शाल उचलून घडी घातली. "मी त्यांना मागे बसवलं. मी काहीच केलं नाही हो. ते मला नेहमी जे करायला लावायचे तेच केलं. दोनदा वळून म्हटलं, 'बघा ना, मला येतच नाही चालू करायला.' तेव्हा त्यांना कळलं. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण कळलं. मग हात घालायला लागले मधून. मी आरशात बघत होते."

ठिणगी मागे सरकला.

"असं बघू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्विच बसवलात. सहा वर्षं मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. आणि तिसऱ्या खुर्चीवर बसून तुम्हीही हसला होतात. ह्यांच्यापेक्षा मोठ्यानं."

बाहेर फाटक वाजलं. फौजदाराचा आवाज आला.

"जा," बाई म्हणाल्या. "सांगा काय सांगायचं ते."

६

पुरावा दोन आकड्यांचा होता. एक मीटरवर, एक बॉनेटखाली. दुसरा नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही.

ठिणगी बॉनेटखाली वाकला. आपल्या हातानं लिहिलेला पांढरा आकडा त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं पुसला. बाई बघत होत्या. त्यांनी आभार मानले नाहीत आणि त्याची अपेक्षाही नव्हती. त्यांच्यावर उपकार करावे म्हणून त्यानं तो पुसला नव्हता. ते हसू त्याला पुसता येत नव्हतं, म्हणून हात आकड्यावर गेला.

मग त्यानं फौजदाराला आणि भावाला बोलावून स्विच दाखवला. बंद करून सेल्फ मारला, चालू करून मारला. "माझं काम बरोबर होतं. साहेब गाडी ठेवताना हा बंद करायचे. रविवारी तो बंद राहिला."

"मिटलं," फौजदार म्हणाला आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. "ज्याचा स्विच तोच गेला. ह्यात गुन्हा कसला."

भाऊ मात्र तिथंच उभे राहिले. जाड काचांमागचे डोळे स्विचवरून ठिणगीवर आले.

"हा कुणी बसवला?"

"मी."

"म्हणजे तुला माहीत होता. दादांना माहीत होता. आणि ह्या घरातल्या बाईला नव्हता." एकेक शब्द ते चाचपत होते. "सहा वर्षं तू इथं येत होतास. वहिनी तुझ्यासमोर चालू करायला बसायची. तू तिला सांगितलं नाहीस?"

ठिणगीनं बाईंकडे बघितलं. बाई शालीची घडी छातीशी धरून उभ्या होत्या.

"मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खरा होता. आणि वाक्यही खरं होतं.

"नाही सांगितलं," ठिणगी म्हणाला.

धाकटे भाऊ त्याच्या अंगावर थुंकले. शर्टावर. फौजदारानं तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

७

सकाळपर्यंत गावात नवी गोष्ट फिरली होती. आधीच्या गोष्टीत ठिणगी कामचुकार होता, त्याला निदान तोड होती. ह्या गोष्टीत त्यानं सापळा बसवला होता आणि माणूस मरेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. दोन गाड्यांचे मालक आले आणि अर्धवट काम तसंच गाडीसकट ओढून घेऊन गेले. ड्रायव्हरला भेटून त्यानं सांगितलं, की आकडा मी सांगितला, तू चोर नव्हतास. ड्रायव्हर म्हणाला, "ते मला माहीत होतं. लोकांना सांगा." लोक आता ठिणगीचं ऐकत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, काळी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. बाई स्वतः चालवत होत्या.

"तो स्विच काढून टाका," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांतलं ते पहिलं काम. त्यानं सीट काढली, स्विच सोडवला, वायरी जोडून घट्ट गुंडाळल्या. बॉनेट उघडून टेस्ट लॅम्प लावला. कॉइलवर दिवा स्वच्छ लागला. स्विच त्यानं बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला. तो मागे हात धुवायला गेला आणि आला.

बॉनेट लावताना त्याला दिसलं. डिस्ट्रिब्युटरच्या डाव्या क्लिपेवरचा लाल ठिपका तडकला होता. उजव्या क्लिपेवरचाही.

"चालू करून दाखवा," बाई म्हणाल्या. जरा मोठ्यानं. समोरचा गॅरेजवाला बाहेर आला. पंक्चरवाला आला. बसच्या रांगेतली चार माणसं वळली. "तुम्ही जोडलंय ना? बसा. दाखवा."

ठिणगी गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा. खोकलासुद्धा आला नाही.

"तीस वर्षं काय करत होता रे?" गॅरेजवाला ओरडला आणि रांगेतली माणसं हसली.

काचेतून बाई दिसत होत्या. त्या त्याच्या खिडकीशी आल्या आणि मूठ किंचित उघडली. आत डिस्ट्रिब्युटरमधला बोटाच्या पेराएवढा रोटर होता, तळवा काळा झाला होता. फक्त त्यालाच दिसेल इतकीच त्यांनी मूठ उघडली, आणि मिटली. चेहऱ्यावर राग नव्हता. साहेब खुर्चीत बसून जसं बघत, तसं त्या बघत होत्या.

दार उघडून त्याला सांगता आलं असतं. रोटर बाईंच्या हातात आहे, बघा म्हणून. लोक हसायचे थांबले असते. तीस वर्षांतलं थोडं तरी परत मिळालं असतं.

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. कान तापले होते. बॅटरी हळूहळू उतरत चालली होती, सेल्फचा आवाज जड होत होता आणि बघे वाढत होते. बाईंनी पुरे म्हटलं नाही, आणि तो सेल्फ मारत राहिला.